हिशेब न मागणारा दुकानदार

मराठी साहित्यातला दुकानदार आठवू लागले की बहुधा एक ठरावीक मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. गल्ल्यावर बसलेला, तागडीवर नजर ठेवून बोलणारा, चोपडीत व्याज फुगवणारा. याला एक थोर अपवाद आहे आणि तो साऱ्या वारकरी परंपरेचा कळस आहे. पण तुकोबांचे दुकान बुडाले आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. म्हणजे वाणी उदात्त व्हायचा असेल तर त्याचे दुकान आधी बुडावे लागते! दुकान उत्तम चालले, नफा रग्गड झाला, आणि तरीही माणूस मोठा निघाला, अशी गोष्ट सांगण्याची सवय आपल्या भाषेला फारशी नाही.

युरोप-अमेरिकेच्या साहित्यातही चित्र फार वेगळे दिसत नाही. एमिल झोलाने 1883 साली पॅरिसच्या भव्य डिपार्टमेंट स्टोअरवर एक अख्खी कादंबरी लिहिली. त्यात ते दुकान म्हणजे आजूबाजूची लहान दुकाने गिळणारे आणि बायकांना भुरळ घालणारे एक वाफेचे यंत्र आहे. थिओडोर ड्रायझरची कॅरी (1900) शिकागोच्या असल्याच एका दुकानात काम मागायला जाते, तेव्हा आपण विकत घेऊ शकत नाही अशा वस्तूंच्या गर्दीत ती स्वतःच एक वस्तू होऊ लागते. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. ती खोटी ठरवण्याचा माझा हेतू नाही. परंतु लिंडा फॉरगॉश यांनी लिहिलेले लुई बॅम्बर्गरचे चरित्र (2016) वाचल्यापासून या चित्रांच्या शेजारी आणखी एक चित्र ठेवावे असे वाटत राहिले आहे. आपण साहित्य शिकणारी-शिकवणारी माणसे ज्या प्रश्नाने नेहमी अडचणीत येतो, त्या 'याचा उपयोग काय?' या प्रश्नाशी या दुकानदाराचा विलक्षण संबंध आहे.

चरित्रनायक म्हणून बॅम्बर्गर गैरसोयीचा आहे. त्याने लग्न केले नाही, भाषणे टाळली आणि स्वतःविषयी फारसे लिहून ठेवले नाही. 1855 साली बाल्टिमोरला एका जर्मन-ज्यू व्यापारी घराण्यात त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मामांच्या, म्हणजे हट्झलर घराण्याच्या, कापडदुकानात तो कामाला लागला. पुढे न्यूयॉर्कमध्ये माल खरेदी करून देणारा दलाल. 1892 साली न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरी एका दिवाळखोर दुकानाचा माल त्याने उचलला, तो विकून मोकळा झाला आणि तिथेच दुकान थाटले. भागीदार दोन, लुई फ्रँक हा मेहुणा आणि फेलिक्स फुल्ड. बहीण कॅरोलाइन ही आधी फ्रँकची पत्नी आणि त्याच्या निधनानंतर काही वर्षांनी फुल्डची. तेव्हा धंदा, मैत्री आणि घर या तिन्ही गोष्टी त्या चौघांत एकाच धाग्याने विणल्या गेल्या होत्या. उमेदीच्या या सगळ्या वर्षांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे थोडेच आहे. यशस्वी व्यापाऱ्यांच्या तरुणपणाच्या कथा एकमेकींसारख्याच असतात.

दुकानाची रीत मात्र सांगायला हवी. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, घासाघीस नाही आणि न पटलेला माल परत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी ज्यांनी आयुष्यभर पाहिली, त्या आम्हा पुणेकरांना यातली क्रांती निराळी समजावून सांगायला नको. भाव ठरलेला आणि लिहिलेला असला की गरीब गिऱ्हाइकाला आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला एकच वस्तू एकाच किमतीला मिळते. गिऱ्हाइकाचा चेहरा, जात वा बोली पाहून भाव बदलत नाही. ज्यू माणसाला अनेक दरवाजे बंद असलेल्या त्या काळात बॅम्बर्गरने स्वतःच्या दाराशी ठेवलेली ही समानता मला निव्वळ व्यापारी चातुर्य वाटत नाही. अर्थात ती व्यापारी चातुर्यही होतीच.

1912 साली मार्केट स्ट्रीटवर त्याची पांढरी, भव्य इमारत उभी राहिली. जार्व्हिस हंट तिचा वास्तुविशारद. न्यूअर्ककर दुकानाला लाडाने 'बॅम्स' म्हणत. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख तेव्हा जॉन कॉटन डेना होते. हा ग्रंथपाल मोठा खट्याळ बुद्धीचा माणूस होता. देवळासारख्या अंधाऱ्या, दबदबा निर्माण करणाऱ्या संग्रहालयांवर त्याचा राग होता. आपल्या संग्रहालयांपेक्षा एखादे चांगले डिपार्टमेंट स्टोअरच खऱ्या संग्रहालयाच्या अधिक जवळचे आहे, असे त्याने जाहीरपणे मांडले. कारण ते मध्यवस्तीत असते, सोयीच्या वेळी उघडे असते, उजेडात असते आणि येईल त्याचे तिथे स्वागत होते. त्याने 1909 साली न्यूअर्कचे संग्रहालय स्थापन केले आणि त्याला स्वतःची वास्तू मिळाली ती 1926 मध्ये. सुमारे साडेसात लाख डॉलरचा खर्च बॅम्बर्गरने उचलला होता आणि वास्तुविशारद पुन्हा तोच हंट. दुकान आणि संग्रहालय एकाच हाताने रेखाटलेले! आणि मग या संग्रहालयात डेनाने 1928 साली प्रदर्शन काय भरवावे, तर आसपासच्या दुकानांतून विकत आणलेल्या स्वस्त पण सुबक वस्तूंचे.

याच काळातली दुसरी घटना पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे नोंदवतो. 1922 साली बॅम्बर्गरच्या दुकानात एक नभोवाणी केंद्र सुरू झाले, डब्ल्यूओआर. हेतू सरळ होता. दुकानात रेडिओ-संच विकायला ठेवायचे तर लोकांना त्यावर ऐकायला काहीतरी हवे.

1929 च्या जानेवारीत फुल्डचे निधन झाले. बॅम्बर्गर तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता, भागीदार उरला नव्हता आणि स्वतःला मूलबाळ नव्हते. त्या उन्हाळ्यात त्याने दुकान न्यूयॉर्कच्या मेसीज कंपनीला विकले. ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला. काही महिन्यांच्या फरकाने ही संपत्ती वाचली आणि पुढचे सारे या योगायोगावर उभे आहे. विक्रीनंतर दीर्घकाळ नोकरी केलेल्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांत त्याने सुमारे दहा लाख डॉलर वाटले. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांकडून नेहमी सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. पण ज्यांची नोकरी पुरेशी जुनी नव्हती त्या विक्रेत्या मुलींचे काय, हा झोलाच्या वाचकाला पडणारा प्रश्न मनातून जात नाही.

उरलेल्या पैशाचे काय करावे? भावाबहिणीचा पहिला विचार न्यूअर्कला वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा होता. ज्यू विद्यार्थ्यांना अशा महाविद्यालयांत प्रवेश मिळणे अवघड झाले होते, ही सल त्यामागे होती. सल्ला घ्यायला त्यांनी आपली दोन माणसे अब्राहम फ्लेक्स्नरकडे पाठवली. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची 1910 साली झडती घेणारा अहवाल लिहिणारा तो हाच. वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना फ्लेक्स्नरने मोडीत काढली आणि त्याऐवजी आपल्या मनात वर्षानुवर्षे घोळत असलेले एक स्वप्न त्यांच्यापुढे ठेवले. एक अशी संस्था, जिथे पदव्या नाहीत, पाठ्यक्रम नाहीत, परीक्षा नाहीत. विद्वान माणसे निवडावी, त्यांना उत्तम वेतन द्यावे आणि मग त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे. काय शोधले, किती शोधले, कधी शोधले, हे विचारू नये.

ज्या माणसाने सदतीस वर्षे प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावली, तो चिठ्ठी नसलेली ही वस्तू घ्यायला तयार झाला. मला या साऱ्या चरित्रातला सर्वांत नवलाचा क्षण हाच वाटतो. 1930 च्या मे महिन्यात 'इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी' या संस्थेची स्थापना झाली. प्रारंभीची देणगी होती पन्नास लाख डॉलर. आइन्स्टाइनची नेमणूक 1932 ची, आणि तो येऊन दाखल झाला 1933 च्या ऑक्टोबरात. पुढे फॉन नॉयमन, ग्योडेल ही नावे आली. ती सर्वांना ठाऊक आहेत. साहित्याच्या वाचकांसाठी मला दुसरीच नावे घ्यायची आहेत. 1935 पासून तिथे मानव्यविद्यांची शाखा उभी राहिली. कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की आला, प्राचीन ग्रीक शिलालेख वाचणारा बेंजामिन मेरिट आला, आणि 1936 मध्ये पुरातत्त्वज्ञ हेटी गोल्डमन ही तिथली पहिली स्त्री-प्राध्यापक झाली. मंदीचा काळ होता, लोक भाकरीसाठी रांगा लावून उभे होते, आणि न्यूअर्कच्या गिऱ्हाइकांनी मोजे-रुमालांसाठी मोजलेल्या पैशातून फुटक्या ग्रीक शिळांवरची अक्षरे लावली जात होती.

देणाऱ्यांनी मागितले काय? विश्वस्तांना लिहिलेल्या जून 1930 च्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक : नेमणुका आणि प्रवेश करताना वंश, धर्म अथवा स्त्री-पुरुष हा भेद प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षही लक्षात घेऊ नये. दुसरी : ज्या भूमीने आपल्याला वाढवले त्या भूमीचे ऋण फिटावे म्हणून संस्था न्यू जर्सीत, शक्यतो न्यूअर्कच्या आसपास असावी.

पहिली अट कागदावर लिहिणे सोपे होते. संस्था प्रिन्स्टनला गेली. तिथले विद्यापीठ गोऱ्या, ख्रिस्ती, खानदानी मुलांचे म्हणून प्रसिद्ध होते, आणि स्वतःची इमारत होईपर्यंत संस्थेचे गणिती त्या विद्यापीठाच्याच वास्तूत बसत. 1941 साली डेव्हिड ब्लॅकवेल हा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय गणिती एक वर्षासाठी संस्थेत आला. संस्थेच्या सदस्यांना विद्यापीठाने मानद पाहुण्याचा दर्जा द्यावा असा प्रघात होता. ब्लॅकवेलच्या बाबतीत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हरकत घेतली. संस्था मात्र मागे हटली नाही आणि ब्लॅकवेलने आपले वर्ष पुरे केले. पुढे 1965 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय सदस्य. देणगीपत्रातले एखादे वाक्य अकरा वर्षांनी कुणा तरुणाच्या पाठीशी उभे राहते, तेव्हा ते वाक्य लिहिणाऱ्याला आपण साहित्यिक म्हणत नाही एवढेच.

दुसरी अट पाळली गेली ती नावापुरती. प्रिन्स्टन न्यू जर्सीतच आहे, हे खरे. पण न्यूअर्क आणि प्रिन्स्टन यांत साठएक किलोमीटरचे अंतर आहे, आणि मनांमधले अंतर त्याहून कितीतरी अधिक. कामगारांचे, स्थलांतरितांचे ते शहर कुठे आणि हिरवळीवरचे हे गाव कुठे! बॅम्बर्गरला ही निवड सहज पचली नाही, पण त्याने ती मान्य केली. दानशूरांच्या कथांत आपण रकमांचे आकडे मोजतो. आपला शब्द शेवटचा असण्याचा हक्क सोडणे ही देणगी आकड्यांत येत नाही. 1939 साली संस्थेची पहिली वास्तू उभी राहिली, तिला नाव दिले गेले ते फुल्ड यांचे. बॅम्बर्गर 1944 मध्ये वारला. उरलेल्या संपत्तीचा मोठा भागही संस्थेलाच गेला.

या निर्णयाची किंमत न्यूअर्कने मोजली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एका संस्थेने शहर वाचत नाही. पण 1967 च्या दंगलीत तिथे 26 माणसे मेली, मध्यमवर्ग निघून गेला, 1986 मध्ये दुकानांवरचे बॅम्बर्गर हे नाव उतरले आणि 1992 मध्ये मार्केट स्ट्रीटवरचे मूळ दुकानही बंद झाले. उरले ते संग्रहालय आणि डेनाचे ग्रंथालय. फिलिप रॉथच्या पहिल्या पुस्तकातला नायक याच ग्रंथालयात नोकरी करतो, आणि रॉथने आपला ग्रंथसंग्रह अखेर याच ग्रंथालयाला दिला. शहराला आपले असे काही ठेवून जाणाऱ्या मुलांची परंपरा न्यूअर्कमध्ये तुटली नाही, असे म्हणावेसे वाटते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. फ्लेक्स्नरने 1939 साली निरुपयोगी ज्ञानाच्या उपयुक्ततेवर एक निबंध लिहिला. तो आजही वारंवार छापला जातो. त्याचे पहिलेच उदाहरण आहे नभोवाणीचे. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन मार्कोनीला जगातला सर्वांत उपयुक्त शास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा फ्लेक्स्नर त्यांना सांगतो की खरे श्रेय मॅक्सवेल आणि हर्ट्झ यांचे. त्यांनी उपयोगाचा विचारही न करता विद्युतचुंबकीय लहरींचा वेध घेतला, मार्कोनीचे काम त्यानंतरचे. बॅम्बर्गरच्या दुकानातले ते रेडिओ केंद्र इथे आठवावे. दुकानदाराने मार्कोनीच्या यंत्रावर पैसा मिळवला आणि तो मॅक्सवेलच्या वारसांना दिला.

फ्लेक्स्नरचा युक्तिवाद सुंदर आहे, पण तो आपल्या उपयोगाचा नाही, असे मी दिवसेंदिवस अधिक ठामपणे म्हणू लागलो आहे. कारण त्यात उपयोग मागच्या दाराने परत येतो. आज निरुपयोगी दिसणारे उद्या उपयोगी पडेल, असे तो सांगतो. मग जे उद्याही पडणार नाही त्याचे काय? काही वर्षांपूर्वी मध्ययुगीन मराठी हस्तलिखितांतील पाठभेदांवर काम करण्यासाठी मी एका अनुदानाचा अर्ज भरत होतो. त्यात 'अपेक्षित सामाजिक उपयोग' अशी चौकट होती आणि शंभर शब्दांची मर्यादा. एका हितचिंतक सहकाऱ्याने सुचवले, 'सांस्कृतिक पर्यटन' असे काहीतरी लिहा. मी लिहिले की या कामामुळे एका कवीने नेमके कोणते शब्द लिहिले असतील हे कळण्याची शक्यता वाढेल. अनुदान मिळाले नाही. त्या समितीवर माझा राग नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण फ्लेक्स्नरचा निबंध जोडला असता तरी त्या चौकटीत लिहिण्याजोगे काही हाती लागले नसते. पाठभेदांतून पुढेमागे रेडिओ निघत नाही. फ्लेक्स्नरच्या निबंधापेक्षा बॅम्बर्गरची कृती म्हणूनच मला मोठी वाटते. निबंध आश्वासन देतो, कृतीने आश्वासन मागितलेच नाही.

इथे आपल्या भाषेशी जोडलेले एक घराणे आठवल्याशिवाय राहत नाही. धर्मानंद कोसंबींनी 'निवेदन' या आत्मकथेत सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाची हकीकत सांगितली आहे. महाराजांनी दरमहा 50 रुपये देऊ केले, अट एवढीच की वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. अट उदार होती, आणि मराठीला बौद्ध वाङ्मय मिळाले त्यात या 50 रुपयांचा वाटा आहे. पण ती अट होतीच. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी हार्वर्डमधून पदवीधर झाले ते 1929 मध्ये, म्हणजे बॅम्बर्गरने दुकान विकले त्याच वर्षी. पुढे 1948-49 च्या परदेश दौऱ्यात त्यांनी थोडा काळ प्रिन्स्टनच्या या संस्थेत काढला. गणिती म्हणून गेले होते. पण त्याच सुमारास, 1948 साली, त्यांनी शेकडो हस्तलिखिते पडताळून केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. पाठभेद लावण्याचे ते काम किती चिवट आहे, हे ज्याने एक पोथी जरी दुसरीशी ताडून पाहिली असेल त्याला कळेल.

धनाला तीनच वाटा, दान, भोग आणि नाश, हा विचार आपण नीतिशतकाचाच म्हणून शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच शतकाचा संपादक अशा पैशाच्या आश्रयाला काही काळ बसला होता, जो 1929 च्या नाशातून थोडक्यात वाचून दानाच्या वाटेला लागला होता. मला यात गंमत वाटते. कोसंबींना मात्र ती तेवढ्या भाबडेपणाने वाटली नसती. भर्तृहरीच्या वैराग्यावर त्यांनी 1941 साली लिहिलेला लेख मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात वाचायला देतो. श्रीमंतांच्या दारी तिष्ठणाऱ्या, त्यांचा तिरस्कार करणाऱ्या आणि तरीही त्यांच्यावाचून न चालणाऱ्या विद्वानवर्गाचा कवी, असे भर्तृहरीचे निदान त्यांनी त्यात केले आहे. विद्वानाचे वैराग्य आणि त्याचे परावलंबन या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे सांगणारा हा मार्क्सवादी बॅम्बर्गरच्या हिरवळीवरून चालत असताना काय विचार करीत असेल?

गेल्या वर्षी हा प्रश्न मी वर्गात विचारला. एक विद्यार्थी म्हणाला, दान ही शेवटी दुकानाचीच जाहिरात. एक विद्यार्थिनी म्हणाली, दुकान विकून झाल्यावर जाहिरात कशाची? मग कुणीतरी विचारले, त्या विक्रेत्या मुलींना संस्थेच्या व्याख्यानांना बसू दिले असते का. तास संपला होता, तरी कुणी उठले नाही. पुढच्या तासाच्या मुली दाराशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे आम्ही बाकांवरची पुस्तके गोळा केली.